स्वस्त पापड बंद केला तेव्हा

चुलीवर दूध असेल तर आधी गॅस बारीक करा, मग ऐका. आज आम्ही पापडाची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, पापडाचं आम्हाला काय सांगता? लाटून लाटून मनगटं दुखली आमची. खरं आहे. पण ही गोष्ट लाटण्याची नाही, ठरवण्याची आहे.

आमच्या गटापुढे सध्या एक प्रश्न आहे. एक व्यापारी मोठी मागणी घेऊन आलाय. त्याची अट अशी, की उडदाच्या पिठात दुसरं स्वस्त पीठ मिसळा आणि दर उतरवा. बँकेचा हप्ता डोक्यावर आहे. गेल्या बैठकीत निम्म्या बायका ‘घेऊ या’ म्हणाल्या, निम्म्या ‘नको’ म्हणाल्या, आणि बैठक चहावर संपली. म्हणून आम्ही जुना इतिहास काढला.

15 मार्च 1959. मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या. शिक्षण बेताचं, हाताला कला एकच, पापड लाटायची. त्यांच्यात जसवंतीबेन जमनादास पोपट होत्या. समाजसेवक छगनलाल करमशी पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांच्याकडून 80 रुपये उसने घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटं पापड झाले आणि ते भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकले. हीच पुढची ‘लिज्जत’.

80 रुपये हे दान नव्हतं, उसने होते. सुरुवातीलाच ठरलं, की तोट्यात गेलो तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही. आपल्याकडे बचत गट म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘अनुदान किती?’ त्या सातजणींनी तो प्रश्नच बाजूला ठेवला. हात पसरायचा नाही म्हटल्यावर हिशेब चोख ठेवावाच लागतो. छगनबाप्पांचाही आग्रह तोच होता, की हा धंदा आहे, तो धंद्यासारखा चालवा आणि वही नीट लिहा.

आता आमच्या प्रश्नाशी येऊ. सुरुवातीला त्या बायकाही दोन प्रकारचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक हलका. हलका कमी भावात विकायचा. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच पापड करा, चांगला करा, आणि त्यात कधी तडजोड करू नका. त्यांनी हलका पापड बंद केला. मैत्रिणींनो, ज्यांच्याकडे भांडवल नाही त्यांनी स्वस्त माल सोडून देणं सोपं नसतं. पण गिऱ्हाईक पाकिटाच्या आत बघू शकत नाही. त्याला नावावर विश्वास ठेवावा लागतो. एका नावाखाली दोन चवी निघाल्या, की चांगल्या पापडाचीही शंका येते. हलका पापड चांगल्याचं गिऱ्हाईक खातो.

तीन महिन्यांत लाटणाऱ्या पंचवीसच्या आसपास झाल्या. पहिल्या वर्षी विक्री झाली 6,196 रुपयांची. तुटलेले पापड शेजारीपाजारी वाटले. ही उधळपट्टी वाटते, पण तुटका पापड पाकिटात गेला नाही आणि चव मात्र घरोघर गेली.

मग आला पावसाळा. पापड वाळेनात. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. चार महिने मजुरी नाही म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. भर पावसात वाळवण सुरू! आजकाल प्रशिक्षणात ‘नवकल्पना’ असा शब्द फळ्यावर लिहितात आणि आपल्याला वाटतं, ते काहीतरी मोठ्या कंपनीचं काम. खाट आणि स्टोव्ह ही नवकल्पनाच. अडचण नेमकी कुठे आहे ते बघायचं आणि घरात जे आहे त्यातून वाट काढायची.

दुसरी अडचण जागेची. तिसऱ्या वर्षी बायका तीनशेच्या वर गेल्या. गच्ची पुरेना. तेव्हा वाट अशी काढली, की पीठ एका ठिकाणी मळायचं आणि लाटायला घरी न्यायचं. लाटलेले पापड आणून द्यायचे, ते तपासून घ्यायचे, मजुरी घ्यायची. पीठ एकाच जागी मळल्यामुळे चव एक राहिली, आणि लाटणं घरी गेल्यामुळे लेकुरवाळीलाही काम मिळालं. ‘बाईनं बाहेर पडायचं नाही’ म्हणणाऱ्या घरातही पैसा येऊ लागला. 1962 मध्ये ‘लिज्जत’ हे नाव ठरलं, तेही नाव सुचवण्याची स्पर्धा घेऊन. बक्षीस होतं 5 रुपये. 1966 मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली.

सगळंच जमलं असं नाही. 1961 मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला. पुढे काडेपेटी, अगरबत्ती, चामड्याच्या वस्तू करून पाहिल्या, तेही चाललं नाही. मसाले आणि कपडे धुण्याची पावडर मात्र चालली. न चाललेलं सोडून देणं हाही गुणच आहे. आपण कधी कधी ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तोट्यातलं काम ओढत राहतो.

मग यश कुणाचं? जसवंतीबेनना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, ती योग्यच. पण एकट्या बाईची जिद्द तिच्याबरोबर थकते, म्हातारी होते. इथे जिद्दीचे नियम झाले. काम करणारी प्रत्येक बहीण मालकीण. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तरी सगळ्यांचा. म्हणून सातांच्या पुढे पंचेचाळीस हजारांवर बहिणी झाल्या, तरी पापड तोच राहिला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्यांच्या पायाशी मुंबईची बाजारपेठ होती आणि पाठीशी जाणता सल्लागार होता. आपला बाजार आठवड्यातून एकदा भरतो आणि एसटी वेळेवर येईलच असं नाही. त्यामुळे त्यांचं सगळं आपल्याला जसंच्या तसं जमणार नाही. पण एकच दर्जा ठेवायला मुंबई लागत नाही.

हे आम्ही शहाणपणानं बोलत नाही, अनुभवानं बोलतोय. गेल्या वर्षी एका लहान मागणीसाठी आम्ही पिठात मिसळ केली होती. पैसे लगेच मिळाले. पण दिवाळीत आमच्या नेहमीच्या एक काकू पाकीट परत घेऊन आल्या. भांडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “पोरींनो, हे तुमचं नाही वाटत.” त्या दिवशी आम्ही पाकीट बदलून दिलं. काकूंच्या मनातली शंका कशी बदलणार?

येत्या बैठकीत व्यापाऱ्याला उत्तर द्यायचं आहे. हप्त्याची चिंता खरी आहे, आणि ‘घेऊ या’ म्हणणाऱ्या आमच्या बायका लोभी नाहीत, अडचणीत आहेत. म्हणून आम्ही नुसतं ‘नको’ म्हणणार नाही. आधी वही उघडू. चांगल्याच पापडाची लहान पाकिटं काढली तर कमी दरात बसतात का, ते बघू. पावसाळ्यात वाळवणाची सोय झाली तर किती दिवस वाढतात, ते मोजू. पीठ मात्र एकच राहावं, असं आमचं मत आम्ही मांडणार आहोत.

तुमच्या गटातही असा एखादा ‘हलका पापड’ असेल. मसाल्यात असेल, शिवणकामात असेल, दुधात असेल. पुढच्या बैठकीत त्याचं नाव घ्या, आणि चहा येण्याआधी घ्या.