देवचाराची सीम

डिचोली किंवा पेडणे तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या गावात जाऊन राखणदाराची चौकशी करा. त्याचे ठिकाण लगेच दाखवतील. शेजारच्या गावात गेलात तर दुसरा राखणदार, दुसरे ठिकाण. देवचार रात्री काठी आपटीत गावाची सीम फिरतो अशी श्रद्धा आहे. पण ती सीम त्याच्याच गावाची. ओहोळापलीकडे त्याचा अंमल नाही. कुठे त्याला रोट आणि विडी चालते, कुठे सोरो लागतो. या सगळ्यांवर एक मठ नाही, एक पोथी नाही. घाडी गाराण्याचे शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांकडून शिकतो, आणि ते शब्द गावागणिक बदलतात.

मध्यवर्ती मालक नसलेले ऑनलाइन समूह कसे चालतात, हे घरातल्या तरुणांनी मला समजावले तेव्हा प्रथम हा देवचारच आठवला. प्रत्येक समूहाचा आपला सर्व्हर, आपले नियम, आपले राखणदार. एक बंद पडला तरी बाकीचे चालूच.

या रचनेची ताकद गोव्याच्या इतिहासाइतकी स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. इथे इन्क्विझिशन १५६० मध्ये आले आणि १७७४ ते १७७८ चा खंड सोडला तर १८१२ पर्यंत राहिले. १७३६ च्या फर्मानाने दारातली तुळस आणि मीठ न घालता भात शिजवण्याची रीतसुद्धा मना केली. एवढे करूनही बार्देशातल्या ख्रिस्ती घरांत आजही मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढतात. देऊळ पाडता येते, पुजाऱ्याला हाकलता येते. मिठाच्या मुठीला पत्ताच नसतो. (आमच्या जैन घरात सोऱ्याचा प्रश्न नव्हता, पण दृष्ट आईनेही काढली.) पेडणे पोर्तुगिजांच्या हाती गेले ते १७८८ मध्ये, देवळे पाडण्याचा काळ सरल्यावर. म्हणून बार्देशात जे स्वयंपाकघरात लपले, ते पेडण्यात उघड्यावर राहिले. दसऱ्यानंतरच्या पुनवेला भूतनाथ देऊळ हवे म्हणून रुसतो, लोक त्याची समजूत घालतात, आणि त्याच रात्री झपाटलेले म्हणून आणलेल्यांना सोडवतात. सारे गाव बघत असते.

हे बघणे मला महत्त्वाचे वाटते. कौल घ्यायचा तो चार माणसांदेखत. पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, हे सगळे पाहतात. घाडी कोणाचा कोण हे ठाऊक असते, आणि त्याचा शब्द खोटा ठरला तरी दुसऱ्या दिवशी त्याला त्याच मांडावर उभे राहावे लागते. अर्थात या मांडावर सगळ्यांना सारखी जागा कधीच नव्हती, आणि भगताने एखाद्या बाईकडे बोट दाखवले तर तिने दाद कुठे मागायची? ते दिवस परत यावेत असे मी म्हणणार नाही.

सीम ओलांडणारे निरोप पूर्वीही होते. १८५७ च्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात गावोगावचे चौकीदार चपात्या करून पुढच्या गावाला देत, आणखी करून पुढे पाठवा म्हणत. अर्थ कोणालाच नीट ठाऊक नव्हता, तरी चपाती थांबली नाही. आपल्या लहानपणची पोस्टकार्डे आठवा: इतक्या जणांना लिहा, नाहीतर अनर्थ होईल. आता फोनवर येते ते तेच, फक्त कार्डाचे पैसे वाचतात. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुले पळवणारे समजून ठेचून मारले गेले. भागात फोनवरून अफवा फिरत होत्या. दारोदार भिक्षा मागत फिरणारी ही माणसे. ती कोण हे मांडावर विचारले असते तर सांगणारा कोणीतरी भेटला असता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे धाडता येईल अशी मर्यादा जाहीर केली. म्हणजे सीम घातली, पण आकड्याची.

आता माझ्याबद्दल. सारख्याने सारखे साधते या समजुतीवरच्या जादूला फ्रेझरने 'द गोल्डन बाऊ' या ग्रंथात 'होमिओपॅथिक' असेच नाव दिले. विद्यार्थी असताना मला त्याचा राग यायचा. जानेवारी २०२० च्या अखेरीस आयुष मंत्रालयाने आर्सेनिकम आल्बम ३० ची शिफारस केली, तेव्हा मीही माझ्या रुग्णांना निरोप लिहिला: गोळ्या कशा घ्याव्यात, आणि शेवटी, ताप किंवा धाप आल्यास गोळ्यांवर विसंबू नका, ताबडतोब इस्पितळात जा. काही आठवड्यांनी तो निरोप बेळगावच्या एका नातेवाइकाकडून मलाच आला. माझे नाव होते, 'शंभर टक्के खात्री' हे शब्द नवे होते, शेवटचे वाक्य गळले होते. दवाखान्यात तोपर्यंत रांग लागू लागली होती, आणि रांगेतल्या कित्येकांच्या फोनवर तोच मजकूर होता. मी शेवटचे वाक्य पुन्हा लिहून सगळ्यांना पाठवले. ते मात्र परत फिरून माझ्याकडे कधी आले नाही.