डिस्क्रिमिनेटर
संकेतांमधील फरक ओळखून त्यानुसार वेगळे प्रदान देणारे मंडल किंवा संगणकीय प्रणाली. फॉस्टर व सीली यांचे १९३६ मधील रेडिओ मंडल हे याचे सर्वांत देखणे उदाहरण. एफएम लहरीची कंप्रता मध्य कंप्रतेइतकी असताना त्याचे प्रदान शून्य असते. ती वरखाली सरकली की त्या प्रमाणात धन वा ऋण विद्युत् दाब मिळतो आणि त्यातूनच मूळ आवाज पुन्हा घडतो. मात्र लहरीच्या परमप्रसरातील चढउतारही ते टिपते, म्हणून आधी मर्यादक जोडावा लागतो. प्रारणमापनात ठरावीक उंचीखालचे स्पंद गाळणाऱ्या मंडलालाही हेच नाव आहे. इयान गुडफेलो व सहकाऱ्यांच्या ‘गॅन’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीत (२०१४) खरा आणि यंत्रनिर्मित नमुना ओळखणारे जाळे म्हणजे डिस्क्रिमिनेटर. प्रशिक्षण आदर्श स्थितीला पोहोचल्यास ते प्रत्येक नमुना खरा असण्याची संभाव्यता ०.५ सांगते.