'आर्य' कोणाला म्हणावे? : मृच्छकटिकातील स्थावरक आणि चांडाळ

आपले 'आजा' आणि 'आजी' हे शब्द 'आर्यक', 'आर्यिका' ह्या संस्कृत शब्दांपासून आले, असे व्युत्पत्तिकार सांगतात. प्राकृतात 'आर्य'चे 'अज्ज' झाले आणि तो शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी स्थिरावला. एकोणिसाव्या शतकात युरोपात त्याला वंशाचा अर्थ चिकटला व पुढे त्याचे काय झाले ते सर्वज्ञात आहे. संस्कृत नाटकात मात्र 'आर्य' हे मुख्यतः संबोधन आहे. आदराने हाक कोणाला मारायची, हा तिथला प्रश्न. तो प्रश्न शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'इतका अवघड जागी नेऊन ठेवणारे दुसरे संस्कृत नाटक मला आठवत नाही.

चारुदत्त जन्माने ब्राह्मण, वृत्तीने उदार आणि आता निर्धन. धन गेले तरी उज्जयिनी त्याला 'आर्य चारुदत्त' असेच म्हणते. त्याच्यासमोर राजाचा मेहुणा शकार. पद आहे, माणूसपण नाही. देवलांच्या मराठी रूपांतरामुळे ही जोडी आपल्या चांगल्या परिचयाची आहे. पण इथवरची मांडणी सोपी आहे. कुलीन माणूस सज्जन निघाला, यात नवल ते काय?

खरी कसोटी आठव्या अंकात लागते. वसंतसेनेला ठार करण्याची आज्ञा शकार आपल्या स्थावरक नावाच्या दासाला करतो. सोन्याची कडी देऊ करतो, सेवकांत श्रेष्ठ पद देऊ करतो, शेवटी मारहाण करतो. स्थावरक नकार देतो. पूर्वीच्या पापांनी दास्य आले, आता आणखी पाप विकत घ्यायचे नाही, एवढेच त्याचे तर्कशास्त्र. आपल्या दास्याचे कारण तो पूर्वकर्मात शोधतो, हे आजच्या वाचकाला खटकते आणि खटकलेच पाहिजे. तरीही दहाव्या अंकात प्रासादात कोंडलेला हाच माणूस खाली उडी टाकून चारुदत्त निर्दोष असल्याचे ओरडून सांगतो. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. दासाच्या साक्षीला किंमत नाही, आणि शकाराने त्याला चोर ठरवायला वेळ लागत नाही.

त्याच अंकात चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेणारे दोन चांडाळ म्हणतात की चांडाळकुळात जन्मलो तरी आम्ही चांडाळ नव्हे. सज्जनाला छळणारे ते चांडाळ. 'सुत्तनिपाता'तील वसलसुत्ताची आठवण व्हावी असे हे बोलणे आहे. भासाच्या नावावर असलेल्या, चार अंकांवर थांबणाऱ्या 'चारुदत्ता'त हे काहीच नाही, आणि आर्यक नावाच्या गुराख्याच्या पोराने राजा पालकाला उलथून टाकण्याचे कथानकही नाही.

आर्यक राजा झाल्यावर बक्षिसे वाटली जातात. गणिका वसंतसेनेला 'वधू' हे पद मिळते, स्थावरक दास्यातून मुक्त होतो. आणि चांडाळांना? त्यांना सर्व चांडाळांचे अधिपती नेमले जाते. नाटकातले सर्वांत धीट वाक्य ज्यांच्या तोंडी घातले, त्यांची बढती कुळाच्या कुंपणाआतच झाली. टीकाकार ह्या शेवटाला सुखान्त म्हणून पुढे जातात. चारुदत्ताच्या तोंडून आलेली ती नेमणूक त्या दोघांनी कशी ऐकली असेल, ह्याविषयी नाटक काही सांगत नाही.