छायाचित्र, संमती आणि खाजगीपणाचा हक्क : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

समाजमाध्यमांवरील छायाचित्रांमुळे निर्माण झालेला खाजगीपणाचा प्रश्न नवा वाटत असला तरी त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला व छायाचित्रण सामान्यांच्या हाती आले. १८९० मध्ये वॉरन व ब्रँडाइस या अमेरिकी विधिज्ञांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये त्यातील धोका दाखवून खाजगीपणाच्या हक्काची मांडणी केली. पुढे अ‍ॅबिगेल रॉबर्सन या तरुणीचे छायाचित्र तिच्या संमतीविना पिठाच्या सुमारे २५,००० जाहिरातपत्रकांवर छापले गेले. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी तिचा दावा फेटाळला. त्यावर लोकमत प्रक्षुब्ध झाले आणि १९०३ मध्ये अशा व्यापारी वापरासाठी लेखी संमती आवश्यक करणारा कायदा झाला.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले. मात्र व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. रॉबर्सनचे छायाचित्र इतरांनी पसरविले. आज आपण आपले छायाचित्र स्वतःच पसरवितो आणि समूहचित्रातील इतरांचेही. म्हणूनच महाविद्यालयीन कार्यक्रमांची छायाचित्रे प्रसृत करण्यापूर्वी विद्यार्थ्यांची संमती घेणे हे केवळ सौजन्य नसून त्यांच्या हक्काची जपणूक ठरते.