सर्वशक्तिमान बँड आणि एक मायक्रोफोन

जुनी रेकॉर्ड ऐकताना "काय मस्त खरखर आहे!" असं म्हणून आपण मोकळे होतो. मला मात्र त्या खरखरीत इतिहास ऐकू येतो. हे नक्की काय, ते पश्चिम आफ्रिकेतल्या एका बँडवरून सांगतो.

नायजेरियाला खेटून असलेला बेनिन हा लहानसा देश. १९७५ पर्यंत त्याचं नाव दाहोमे होतं. तिथल्या कोटोनू शहरात १९६८ च्या सुमारास मेलोमे क्लेमाँ यांनी 'ऑर्केस्त्र पोली-रिदमो' उभा केला. नावाआधी 'टी. पी.' लावत. या फ्रेंच आद्याक्षरांचा अर्थ 'सर्वशक्तिमान'! थाट बघा.

'अल्बारिका स्टोअर' या कंपनीसाठी रेकॉर्डिंग असलं की मंडळी सीमा ओलांडून लागोसच्या ईएमआय स्टुडिओत जात. पण छोट्या कंपन्यांना ते कुठून परवडणार? त्यांची गाणी कोटोनूतच, कुणाच्या तरी घरी रेकॉर्ड होत. साधनं काय, तर एक नाग्रा टेप मशीन आणि एक-दोन मायक्रोफोन. बस्स.

आता विचार करा. अशा वेळी नंतर कुणाचा आवाज कमी-जास्त करता येत नाही. ज्याचा आवाज मोठा, त्याने लांब उभं राहायचं. गायकाने माईकजवळ. एक जण चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. म्हणूनच या गाण्यांत वादक एकमेकांना ऐकत वाजवताहेत, हे स्पष्ट जाणवतं.

आणि वाजवत काय होते? जेम्स ब्राऊनचा फंक आणि फेला कुटीचा अफ्रोबीट तर होताच. पण त्याखाली व्होदून धर्माचे ताल होते. 'साकपाता' हा भूमीच्या देवतेचा, 'सातो' मृतांच्या विधींचा. पूजेतले ताल इलेक्ट्रिक गिटारवर आले आणि नाचायलाही चालले!

१९८० च्या दशकात गिटारवादक 'पापियाँ' आणि ड्रमर लिओपोल्ड दोघेही गेले. बँडचा बहर ओसरला. २००८ मध्ये 'अ‍ॅनालॉग आफ्रिका'ने ही घरगुती रेकॉर्डिंग 'द व्होदून इफेक्ट' या नावाने पुन्हा काढली, आणि म्हातारे झालेले हे वादक युरोपात कार्यक्रम करू लागले. २०१२ मध्ये क्लेमाँही गेले.

असो. ही गाणी मिळाली तर जरूर ऐका, पण खरखर घालवायला इक्वलायझरकडे हात नेऊ नका. त्या खोलीत कोण कुठे उभं होतं, हे आता फक्त त्या आवाजातच उरलंय.