संत्र्यांच्या वाटेवरील नारिंगी दिवा

पांढुर्णा आणि सौंसर ही संत्र्यांची गावे नागपूरहून उत्तरेस जाणाऱ्या दोन निरनिराळ्या हमरस्त्यांवर वसलेली आहेत. एके काळी या रस्त्यांवर चालक हात बाहेर काढून वळण दाखवीत. अंधारात तो हात कोणास दिसावा? पुढे दिवे आले, पण त्यांतही मतभेद. अमेरिकेने मागील वळणदिवा तांबडाही चालवून घेतला. गाडी थांबते की वळते, हे मागच्याने ताडावे! १९५८ च्या जिनिव्हा करारान्वये नियम जुळविणाऱ्या युरोपने नारिंगी रंग ठरविला; भारताच्या १९८९ च्या मोटार नियमांतही तोच आहे. अमेरिकी धाटणीची गाडी त्यांत बसवावयाची, तर नुसती काच बदलून भागत नाही. ब्रेक आणि वळण एकाच दिव्यावर असल्यास तारा वेगळ्या करून स्वतंत्र दिवा बसवावा लागतो. मग मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणारा तो दिवा पाहून संत्र्यांच्या ट्रकमागील चालक वेळीच वेग आवरतो.