संग्रहालयाची किल्ली कोणाच्या हाती?

काही वर्षांपूर्वी मी शाळेतील मुलांना घेऊन एका जिल्ह्याच्या ठिकाणचे संग्रहालय पाहायला गेलो होतो. तेथे काचेच्या कपाटात एक हलगी ठेवलेली होती. खाली चिठ्ठी : ‘ग्रामीण वाद्य’. ती कोणी मढवली, कोणी वाजवली, कोणाच्या दारात वाजवावी लागली, याबद्दल अवाक्षर नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा हलगी उत्तम वाजवतो. त्याने काचेला बोट लावताच पहारेकरी ओरडला, ‘हात लावू नका.’ पाटी सर्वांसाठीच होती, हे मला मान्य आहे. तरीही ते तीन शब्द आमच्या कानांना नवे नाहीत.

तेव्हापासून एक प्रश्न मला छळतो. आपल्या वस्तू संग्रहालयात गेल्या. आपली माणसे केव्हा जाणार? प्रेक्षक किंवा झाडूवाले म्हणून ती जातातच. मी बोलतो आहे ते तेथे राहून काम करणाऱ्या कलावंत-लेखकांबद्दल. संग्रहालयाने कलावंताला काही महिने जागा व मानधन द्यावे, त्याने तेथे नवे काम उभे करावे, ही प्रथा आज जगात रूढ आहे. प्रस्थापितांच्या दृष्टीने तो एक सन्मान. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी मात्र त्याचे हत्यार केले. तो इतिहास आपण समजून घेतला पाहिजे.

न्यूयॉर्कचे हार्लेम आपल्याला परके नाही. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते या वस्तीच्या शेजारीच आहे. सप्टेंबर १९६८ मध्ये हार्लेममध्ये, एका दारूच्या दुकानावरच्या भाड्याच्या माळ्यावर ‘स्टुडिओ म्युझियम’ सुरू झाले. चित्रकार विल्यम टी. विल्यम्स यांची कल्पना अशी की, संग्रहालयात नुसती चित्रे टांगून भागणार नाही. चित्रकाराने वस्तीच्या मध्यभागी बसून काम केले पाहिजे. म्हणून नावातच ‘स्टुडिओ’ आला. संग्रह नंतर, कामाची खोली आधी!

हा क्रम किती महत्त्वाचा होता, ते चारच महिन्यांत कळले. जानेवारी १९६९ मध्ये शहरातल्या बलाढ्य मेट्रोपॉलिटन म्युझियमने हार्लेमवरच मोठे प्रदर्शन भरवले. त्यात छायाचित्रे भरपूर होती. पण हार्लेमच्या एकाही चित्रकाराचे चित्र नाही, शिल्पकाराचे शिल्प नाही. वस्तीचे चेहरे हवेत, वस्तीची चित्रकला नको! बेनी अँड्र्यूज आणि त्यांचे सहकारी निषेधाचे फलक घेऊन त्या दारात उभे राहिले.

दुसरे उदाहरण बाल्टिमोरचे. तेथील मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटी १८४४ सालची, म्हणजे त्या राज्यात गुलामगिरी कायदेशीर असतानाची. या संस्थेत १९९२ मध्ये ‘द कंटेम्पररी’ या दुसऱ्या संस्थेच्या पुढाकाराने फ्रेड विल्सन हा कृष्णवर्णीय कलावंत पाहुणा म्हणून आला. विद्यार्थीदशेत त्याने संग्रहालयात पहारेकऱ्याचे काम केले होते. म्हणजे ‘हात लावू नका’ हे वाक्य त्याने बोलूनही पाहिले होते. आता गोदाम त्याच्यापुढे उघडे होते. मुख्यतः त्याच गोदामातल्या वस्तू त्याने वेगळ्या रीतीने मांडल्या. चांदीच्या नक्षीदार सुरया व पेले एका कपाटात होते. त्यांच्या मधोमध त्याने गुलामांच्या लोखंडी बेड्या ठेवल्या आणि चिठ्ठी लिहिली : ‘धातुकाम, १७९३–१८८०’. फटके मारण्याचा खांब उभा केला आणि त्याच्याकडे तोंड करून उंची खुर्च्या मांडल्या. नेपोलियनसारख्या, मेरीलँडच्या बाहेरच्या तीन थोरांचे अर्धपुतळे संग्रहात होते. त्यांच्या जोडीला त्याने तीन रिकामे चौथरे ठेवले आणि त्यांवर नावे घातली हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस, बेंजामिन बॅनेकर यांची. तिघेही मेरीलँडच्याच मातीतले.

बेड्या संस्थेकडे होत्याच. त्या चांदीशेजारी ठेवण्याचा अधिकार आजवर कोणाला नव्हता, एवढेच.

परंतु येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. विल्सन पाहुणा होता. १९९३ मध्ये प्रदर्शन संपले, आणि पाहुण्याला किल्ली परत करावी लागते. एका कलावंताला वर्षभर बोलावून ‘आम्ही सुधारलो’ असे मिरवणे कोणत्याही संस्थेला सोपे आहे. आपल्याकडेही हे घडेल. एखाद्या दलित कवीला बोलावतील, हार घालतील, आणि दुसऱ्या दिवशी हलगी पुन्हा ‘ग्रामीण वाद्य’ होईल. हार्लेमची खोली मात्र हार्लेमकरांची होती. तेथे दरवर्षी साधारण तिघांना जागा व मानधन मिळत आले. १९८५ मध्ये केरी जेम्स मार्शल तेथे होते, २००१ मध्ये केहिंदे वायली. तेथे काम केलेल्या कलावंतांची संख्या शंभरापलीकडे गेली. माळ्यावरचे ते संग्रहालय नोव्हेंबर २०२५ मध्ये स्वतःसाठी बांधलेल्या नव्या इमारतीत उघडले.

म्हणून माझे म्हणणे असे : प्रस्थापितांच्या संग्रहालयात आपण पाहुणे म्हणूनही जावे, त्यांची गोदामे उघडायला लावावीत. पण तेवढ्यावर समाधान मानू नये. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव अमेरिकेतून घेतले. आता ही खोलीही घ्यावी. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, त्यांचा टाइपरायटर आपल्याच माणसांनी जपले. अशा प्रत्येक ठिकाणी एक टेबल, एक खाट आणि वर्षभराचे मानधन असावे. तेथे कोणी तरुण मुलगी येऊन लिहील, कोणी चित्र काढील.

आणि माझा तो विद्यार्थी हलगी काचेबाहेर काढील, शेकोटीवर तापवील आणि आधी तिच्या खालची चिठ्ठी बदलून लिहील.